श्वासाचे यंत्र आले, पाठपुराव्याचे काय?

प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या मृत्यूची कारणे सांगताना डॉक्टरांनी 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' या विकाराचा उल्लेख केला आणि तोवर तज्ज्ञांच्या बोलण्यापुरता असलेला हा शब्द घरोघरी पोहोचला. हा विकार आणि त्यावरचे 'सी-पॅप' नावाचे यंत्र आता महानगरांपुरते राहिलेले नाही. मात्र, निदान झाले आणि यंत्र घरी आले की उपचार झाला, हा समज घातक आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तर खरी परीक्षा यंत्र घरी आल्यानंतरच सुरू होते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठा घोर काढून श्वास पुन्हा सुरू होतो. रुग्णाला यातले काही आठवत नाही. तासाभरात असा अडथळा पाच किंवा अधिक वेळा आला तर विकार आहे असे मानतात. पंधराच्या पुढे तो मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र समजला जातो. सकाळी डोके जड होणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, औषधे घेऊनही रक्तदाब न उतरणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे मात्र घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजून हसण्यावारी नेले जाते. देशातील कमावत्या वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा विकार असावा आणि त्यातील सुमारे ४ कोटी ७० लाखांत तो मध्यम किंवा तीव्र असावा, असा अंदाज दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर सोपा उपाय शोधला. नाकावर मास्क बसवून त्यातून सतत ठरावीक दाबाची हवा सोडली, की ती श्वासमार्ग उघडा ठेवते. आजचे सी-पॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालते. ते रोग बरा करीत नाही. ज्या रात्री लावले, त्या रात्रीपुरता श्वास मोकळा ठेवते. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसावे, तसाच हा प्रकार आहे.

या दोन जिल्ह्यांनी या विकाराकडे गांभीर्याने का पाहावे, याला सबळ कारणे आहेत. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सुमारे १४ टक्के मृत्यू त्याने झाले होते. कुपोषण आणि हिवताप यांच्याच चष्म्यातून जिल्ह्याकडे पाहणाऱ्यांना हा धक्का होता. पक्षाघाताचे मूळ बहुधा उच्च रक्तदाबात असते आणि न आटोपणाऱ्या रक्तदाबामागे स्लीप अ‍ॅप्निया दडलेला असू शकतो. याच पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत. प्राणवायू कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात. त्यामुळे रात्री होणारी प्राणवायूची घट त्यांना अधिक महागात पडते. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल होतात, हेही विसरता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली.

शिवाय हा प्रदेश पाळ्यांत काम करणाऱ्यांचा आहे. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, महाऔष्णिक वीज केंद्र, सुरजागडचे लोहखनिज आणि हा सगळा माल वाहणारे ट्रक. डंपर किंवा ट्रक चालवणाऱ्याला क्षणभर लागलेली डुलकी त्याच्यापुरती राहत नाही. म्हणूनच या विकाराचा संबंध सार्वजनिक सुरक्षिततेशी येतो.

यंत्राशी जुळवून घेणे सोपे नाही. पहिल्या रात्री तोंडावर वारा आदळल्यासारखे वाटते, श्वास सोडताना विरोध जाणवतो, मास्कने कोंडल्याची भीती वाटते. नाक चोंदते, तोंड कोरडे पडते, नाकाच्या दांड्यावर वळ उठतात, फटीतून निसटणारी हवा डोळ्यांत जाते. यातील बहुतेक तक्रारींवर साधे उपाय आहेत. दिवसा जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसायचे, सुरुवातीला दाब हळूहळू वाढवणारी सोय वापरायची, चेहऱ्याच्या ठेवणीला साजेसा मास्क निवडायचा, हवा दमट करणारी पाण्याची टाकी जोडायची, तोंडाने श्वास घेणाऱ्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क द्यायचा, मास्क रोज धुवायचा. मात्र हे उपाय कोणीतरी वेळेवर सांगावे लागतात. यंत्र वापरण्याची किंवा टाळण्याची सवय पहिल्या आठवड्यातच आकार घेते, असे अभ्यासांत दिसले आहे. तो आठवडा निराधार गेला, की यंत्र कपाटात जाते.

नेमक्या याच ठिकाणी इथला भूगोल आडवा येतो. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. सिरोंच्याहून तर जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या पुढे. मास्कचा पट्टा सैल झाला म्हणून एवढा प्रवास करून मजुरी कोण बुडवणार? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा खेड्यातील माणूस अंगणात बाज टाकून झोपतो. यंत्राला मात्र विजेचे बटण लागते. महानिर्मितीचे चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे. राज्याला वीज पुरवणाऱ्या या प्रदेशातील दुर्गम गावांना वादळात आणि पावसाळ्यात अंधाराची सवय करून घ्यावी लागते, हा विरोधाभास जुनाच आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. घुग्घुस, दुर्गापूर परिसरात कोळशाच्या धुळीने यंत्राची गाळणी लवकर काळवंडते. शहरातील रुग्णासाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत या अडचणींना जागा नसते, आणि ती पुस्तिका माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात वाचणार कोण, हा प्रश्न वेगळाच.

यंत्र किती तास वापरले जाते, याला निर्णायक महत्त्व आहे. भारतासह अनेक देशांतील रुग्णांचा समावेश असलेल्या 'सेव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. हृदयविकार वा पक्षाघात आधीच असलेल्या रुग्णांत सी-पॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोपाळू अवस्था मात्र सुधारली. या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. रात्री किमान चार तास, तेही बहुतेक रात्री, हा नियमित वापराचा रूढ निकष आहे. म्हणून यंत्र म्हणजे पक्षाघातावरची ढाल, असा प्रचार कोणी करू नये; आणि अपुऱ्या वापराचा दाखला देऊन ते निरुपयोगीही ठरवू नये.

खर्चाचा मुद्दाही आहेच. यंत्राची किंमत हजारो रुपयांत, मास्क आणि गाळणीचा खर्च पुढे चालूच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा मूळ भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. घरी वर्षानुवर्षे वापरायचे उपकरण त्या चौकटीत सहजी बसत नाही. परिणामी रुग्ण वापरलेल्या यंत्राकडे वळतो. त्यात धोका असा, की फिलिप्स कंपनीने २०२१ मध्ये आतील फोमच्या दोषामुळे लाखो यंत्रे जगभरातून परत मागवली होती. जुने यंत्र घेताना त्याचे मॉडेल तपासणे आवश्यक आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. गडचिरोलीच्याच ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा करण्यास शिकवले. श्वास न घेणाऱ्या बाळाला फुगा आणि मास्कच्या साह्याने श्वास देण्याचे कौशल्यही त्यांनी आत्मसात केले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले आणि पुढे देशाने ही पद्धत स्वीकारली. बाळाला श्वास देऊ शकणाऱ्या गावच्या बाईला प्रौढाचा मास्क नीट बसवणे अवघड जाईल, असे म्हणता येणार नाही.

चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीच्या महाविद्यालयालाही २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तेथे झोपेच्या तपासणीची सोय आणि विविध मापांच्या मास्कचा साठा ठेवता येईल. रक्तदाब तपासताना 'घोरता का, दिवसा झोप येते का' हे दोन प्रश्न विचारण्यास खर्च लागत नाही. आजची यंत्रे वापराचे तास आणि हवेची गळती यांची नोंद ठेवतात; ती पाहून पहिल्या दोन आठवड्यांत आशा कार्यकर्तीने घरी दोन-तीन फेऱ्या मारल्या, तर अनेक यंत्रे कपाटात जाण्यापासून वाचतील. अर्थात, या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळालाच पाहिजे. दुर्गम गावांत यंत्रासोबत बॅटरीचाही विचार व्हावा. खाणकामगारांची नियतकालिक वैद्यकीय तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. तीत या विकाराची चाळणी जोडता येईल. मात्र, निदान झालेल्या चालकाची रोजी जाणार नाही, उपचार घेत असताना त्याला दुसरे काम मिळेल, ही हमी आधी हवी. अन्यथा तो लक्षणे लपवील आणि पुन्हा चाकामागे बसेल.

दुर्गम जिल्ह्यांना यंत्रे पुरवायची आणि ती चालवण्याची व्यवस्था विसरायची, हा सरकारी कारभाराचा परिचित दोष आहे. सी-पॅपच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती टाळायची असेल, तर किती यंत्रे वाटली, यापेक्षा किती रुग्ण तीन महिन्यांनंतरही ती रोज रात्री लावतात, याचा हिशेब आरोग्य खात्याने मागितला पाहिजे.