स्वनातीत विमान येऊ दे, पण आमच्या घरांवरून नको

काँकॉर्ड २००३ साली निवृत्त झालं. आम्ही दहावीतले कॅडेट तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी आमच्या हाऊसमध्ये त्याचं चित्र ओळखणार नाही असा मुलगा सापडणार नाही. आता तशी विमानं परत येण्याची चिन्हं आहेत. अमेरिकेतल्या बूम सुपरसॉनिक या कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी ध्वनीचा वेग ओलांडला. हीच कंपनी ६० ते ८० प्रवासी घेऊन मॅक १.७ वेगाने जाणारं ‘ओव्हरचर’ विमान बनवणार आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, नागरी विमानांना जमिनीवरून स्वनातीत उड्डाण करायला १९७३ पासून असलेली बंदी उठवण्याचा आदेश दिला.

माझे बहुतेक मित्र या बातमीने खूश आहेत. मला हवाई दलात जायचं आहे, त्यामुळे वेगाचं वेड मलाही आहे. पण माझं मत असं आहे की, अशा विमानाचा आवाज आपल्या जमिनीवर मोजून दाखवला जात नाही तोपर्यंत भारताने त्याला देशावरून स्वनातीत वेगाने जाऊ देऊ नये.

स्वनातीत विमानाचा धमाका, म्हणजे सॉनिक बूम, फक्त ध्वनीचा वेग ओलांडताना एकदाच होतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. विमान त्या वेगात असेपर्यंत धक्कालहरी त्याच्या मागे शंकूच्या आकारात पसरत राहतात आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला तो धमाका एकेकदा ऐकू येतो. नासाच्या ढोबळ हिशेबानुसार दर हजार फूट उंचीमागे जमिनीवर साधारण एक मैल रुंद पट्टा त्याखाली येतो. काँकॉर्ड ६० हजार फुटांपर्यंत चढायचं. म्हणजे पट्टा सुमारे ९५ किलोमीटर रुंद.

आता नकाशावर मुंबई ते कोलकाता दोरा ताणून बघा. तो नागपूरजवळून जातो आणि रायपूरच्या जवळजवळ डोक्यावरून. अंतर सुमारे १६५० किलोमीटर. त्याला पट्ट्याच्या रुंदीने गुणलं तर क्षेत्रफळ दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. अख्खं छत्तीसगड राज्य त्याहून लहान आहे. विमानात ८० जण, त्यांचा वाचणारा वेळ फार तर एक तास, आणि खाली धमाका ऐकणारे काही कोटी लोक. त्यात तात्यापाऱ्यातलं आमचं घर आहे, आजीच्या खोलीची जुनी तावदानं आहेत आणि शेजारचं तान्हं बाळही आहे. यांच्यापैकी कोणीही तिकीट काढलेलं नाही.

‘लोकांना सवय होईल,’ असं माझा एक मित्र म्हणतो. हा प्रयोग झालेला आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत १२५३ धमाके मुद्दाम करण्यात आले. काचा फुटल्या, हजारो तक्रारी आल्या. शेवटी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी, हे आपल्याला कायमचं सहन होणार नाही, असं सांगितलं. आपल्याकडे २० मे २०२० रोजी बंगळूरूमध्ये मोठा आवाज झाला आणि भूकंप झाला की काय म्हणून लोक घाबरले. तो हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा धमाका होता आणि विमान शहरापासून बरंच दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रात होतं, असा खुलासा संरक्षण मंत्रालयाने केला.

मग हवाई दलाचा आवाज चालतो आणि प्रवाशांचा का नाही? कारण लढाऊ विमानाचा वेग सर्वांच्या रक्षणासाठी असतो. त्याचा त्रास आपण सगळे सोसतो आणि त्याचा उपयोगही सगळ्यांनाच होतो. प्रवासी विमानात मात्र वेळ एकाचा वाचतो आणि झोप दुसऱ्याची मोडते.

दुसरी बाजूही खरी आहे. माझी आत्या लंडनला असते. घरात कोणी आजारी पडलं की ती लवकर पोहोचावी असं आम्हाला वाटतंच. ओव्हरचरचा पल्ला सुमारे ७८०० किलोमीटर सांगतात, म्हणजे लंडन-मुंबई त्यात बसतं. पण हा मार्ग अरबी समुद्राचा तुकडा सोडला तर बहुतेक जमिनीवरून जातो. समुद्रावरच वेग घेता येणार असेल तर आत्याचा फारसा वेळ वाचणार नाही. लंडन-न्यूयॉर्कवाल्यांच्या वाटेत अटलांटिक महासागर आहे. आपल्या वाटेत माणसं राहतात. आणि मुंबईला उतरल्यावर रायपूरचं विमान, मग माना विमानतळावरून गाडी आणि शेवटी शारदा चौक ते तात्यापारा चौक हा अरुंद रस्ता. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा आमच्या घरात कित्येक वर्षं चालू आहे. आत्याचा वेळ जमिनीवरही बराच वाचवता येईल.

भारताने ही भूमिका पूर्वी घेतलेली आहे. काँकॉर्डची प्रवासी सेवा २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली. त्या दिवशीच्या दोन उड्डाणांपैकी एक लंडन-बहारीन होतं. पुढे ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी ते सिंगापूरपर्यंत नेलं, पण भारताने आपल्या भूमीवरून स्वनातीत वेगाला परवानगी दिली नाही. मलेशियानेही हरकत घेतली होती. १९८० मध्ये ती सेवा बंद पडली. एअर इंडियाने स्वतः दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, तेही मागे घेतलं. जेमतेम शंभर प्रवाशांसाठी तासाला सुमारे २५ हजार लिटर इंधन जाळणारं ते विमान शेवटी दोनच कंपन्यांकडे उरलं. नकार दिल्यामुळे देश मागे पडला, असं मला तरी दिसत नाही.

मात्र कायमची बंदी घालावी असंही माझं म्हणणं नाही. नासाचं एक्स-५९ हे विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथम उडालं. त्याचं लांब, निमुळतं नाक धक्कालहरींना एकत्र येऊ देत नाही, त्यामुळे धमाक्याऐवजी गाडीचं दार लावल्यासारखा ‘धप्प’ आवाज यावा अशी रचना आहे. बूम कंपनीचा उपाय वेगळा आहे. बऱ्याच उंचीवर, ध्वनीपेक्षा थोड्याच जास्त वेगाने गेलं तर धक्कालहरी खालच्या उबदार हवेत वळून पुन्हा वर जातात. एक्सबी-१ च्या वेळी जमिनीवर धमाका ऐकू आला नाही, असं कंपनी सांगते.

म्हणून नियम वेगाचा नको, आवाजाचा हवा. विमान कितीही जोरात जावो, खाली किती डेसिबल ऐकू येतं ते बघा. हे मोजमाप आपल्याकडे, मे महिन्याच्या उन्हाळ्यात आणि जानेवारीच्या थंडीत व्हावं, कारण धक्कालहरी किती वळतात ते हवेच्या तापमानावर आणि वाऱ्यावर ठरतं. मोजणारे कंपनीचे लोक नसावेत. रात्री उड्डाण नसावं. आणि मार्गाखालच्या लोकांना त्यांच्या भाषेत विचारावं. एक्स-५९ गावांवरून उडवून तिथल्या लोकांना आवाज कसा वाटला ते विचारायचं, अशी नासाची योजना आहेच. अमेरिकेतल्या गावाला जो प्रश्न विचारला जाणार, तो रायपूर आणि नागपूरलाही विचारला जावा.

या अटी पाळल्या गेल्या तर मी पहिला टाळ्या वाजवीन. तोपर्यंत माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. ज्या कॅडेटला हे पटत नसेल त्याने पुढच्या अंकात आकडे घेऊन लिहावं.