कंपनीचा संघ, गावाचा क्लब

साप्ताहिक सदर : मैदानाकाठी

ठाण्यात कोलशेत रोडला आज उंच इमारतींची रांग दिसते. या भागात एकेकाळी बायर या जर्मन कंपनीचा रसायनांचा कारखाना होता, हे तिथे नव्याने राहायला आलेल्या पुष्कळांना ठाऊकही नसेल. कारखान्याची जमीन विकली गेली, वसाहत उभी राहिली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये याच परिसरात साडेवीस एकरांचं ग्रँड सेंट्रल पार्क खुलं झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 14 एप्रिलला, बायरच्या गावी लेव्हरकुसेनमध्ये कंपनीच्या फुटबॉल संघाने वेर्डर ब्रेमेनला 5-0 असं हरवलं आणि पहिल्यांदाच जर्मनीची लीग जिंकली. प्रशिक्षक शाबी आलोन्सोच्या त्या संघाने लीगचे 34 पैकी 28 सामने जिंकले, 6 बरोबरीत सोडवले. हरला एकही नाही. बायर्न म्युनिकची सलग अकरा वर्षांची मक्तेदारी तिथे संपली.

या यशाची मुळं कंपनीच्या तिजोरीत शोधली तर निम्मीच गोष्ट हाती लागते. नोव्हेंबर 1903 मध्ये विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगाराने मालकांना पत्र लिहिलं की, आम्हाला क्रीडामंडळ काढायचं आहे, मदत करा. पत्राखाली 170 सहकाऱ्यांच्या सह्या होत्या. पुढच्या वर्षी, 1 जुलै 1904 रोजी, मंडळ स्थापन झालं. क्लबच्या ‘बायर 04’ या नावातला ‘04’ तो हाच. फुटबॉल आला 1907 मध्ये. लेव्हरकुसेन हे शहर तर त्याहून उशिरा, 1930 मध्ये अस्तित्वात आलं. म्हणजे क्लब शहरापेक्षा जुना!

यशाला मात्र फार वेळ लागला. अव्वल लीगमध्ये प्रवेश 1979 मध्ये. 1988 मध्ये युएफा कप आणि 1993 मध्ये जर्मन कप मिळाला. 2000 साली हंगामाच्या शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगसारख्या छोट्या क्लबने हरवलं आणि हातातली लीग गेली. 2002 मध्ये लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरा क्रमांक. लोक ‘प्लास्टिकचा क्लब’ म्हणून हिणवत राहिले. पाठीराखे मात्र ‘वेर्क्सएल्फ’, म्हणजे कारखान्याचे अकरा, ही ओळख अभिमानाने मिरवत आले.

जर्मनीत 1998 पासून नियम आहे की, क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांचीच राहिली पाहिजेत. सवलत मिळाली ती वीस वर्षांहून अधिक काळ सातत्याने आधार देणाऱ्यांना, म्हणून बायरला आणि वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगनला. मालकी हवी असेल तर आधी टिकून दाखवा, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. बायर काही संत नाही. 2008 मध्ये कंपनीने व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा हात सोडला. तरीही लेव्हरकुसेनमधलं बास्केटबॉल बंद पडलं नाही. सभासदांचं मंडळ जागेवर होतं, ते खालच्या लीगमध्ये खेळत राहिलं.

आपल्याकडे नेमकं हेच घडलं नाही. महिंद्रा कंपनीचा फुटबॉल संघ 1962 पासूनचा. पुढे त्याचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 मध्ये त्याने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले. खालिद जमील, स्टीव्हन डायस त्या लाल जर्सीत खेळले. कुपरेज मैदानावर मुंबईला आपला म्हणावा असा संघ होता. 2010 मध्ये कंपनीने ठरवलं की, आता शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, आणि संघ विसर्जित झाला. शालेय फुटबॉलला पैसा मिळावा याबद्दल वाद नाही. पण 48 वर्षांचा संघ मोडताना ज्यांचं मत घ्यावं लागेल असे सभासदच नव्हते, हे मला आजही सलतं. पाठीराख्यांनी कुठे जायचं होतं?

ठाणे-कल्याण पट्ट्यात तर कारखान्यांबरोबर मैदानंही जातात. आंबिवली-मोहने इथली एनआरसी ही कंपनी 2009 मध्ये बंद पडली. कामगारांचा थकलेल्या देण्यांसाठीचा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. ठाण्यात रेमंडच्या कारखान्याच्या जागेवर इमारती आल्या. डोंबिवलीत एमआयडीसीतले धोकादायक कारखाने हलवायची चर्चा दर स्फोटानंतर होते. ते हलतील तेव्हा मोकळ्या जमिनीवर काय उभं राहणार, हे कोलशेतला दिसतंच आहे. तिथलं उद्यान सुंदर आहे, लोक तिथे मोठ्या संख्येने जातात, आणि जावंच. पण उद्यानाला संघ नसतो, उद्यानाची चौदा वर्षांखालची मुलं दुसऱ्या गावच्या मुलांशी खेळायला जात नाहीत. आमच्या मुलांना ते हवं आहे. डोंबिवलीत घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलावर एवढ्या मोठ्या शहराचा भार आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. औद्योगिक जमीन निवासी करताना विकासकाकडून पूर्ण मापाचं मैदान तर घ्याच, पण त्यासोबत नोंदणीकृत, सभासदांचा क्लब घ्या आणि वीस वर्षांच्या खर्चाची लेखी हमी घ्या. क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांची असावीत, त्यात जुन्या कामगारांच्या कुटुंबांना पहिलं स्थान असावं. विकासकाचं नाव जर्सीवर खुशाल असू दे. सुरुवात मोहन्यापासून करता येईल, कारण तिथली जमीन मोठी आहे आणि ज्यांचं आयुष्य त्या कारखान्यात गेलं ती कुटुंबं अजून आसपासच राहतात.