चंचल मूल आणि घरचे ताट



पिकाची पाने पिवळी पडली की आपण लगेच युरियाची गोण फोडतो. पण पान नत्र कमी पडल्याने पिवळे होते, तसे लोह कमी पडल्यानेही होते आणि मुळाशी पाणी साचल्यानेही होते. कारण न शोधता खत टाकले तर पैसा जातो आणि पीक तसेच राहते. मुलांच्या बाबतीतही आपले असेच होते. पोर एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष देत नाही, हातातले काम अर्धवट टाकून पळते. मग कोणी म्हणते साखर बंद करा, कोणी म्हणते अमुक पावडर पाजा. अशा मुलाच्या वागण्याशी खाण्याचा संबंध किती, ते आज पाहू.

मूल म्हटले की ते चंचल असायचेच. पण काही मुलांत हा विकार असतो. डॉक्टर त्याला ए.डी.एच.डी. म्हणतात, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी आणि मुलाच्या शिकण्यात खरोखर आड येणारी असली, तरच डॉक्टर असा विचार करतात. जगभरात शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत हा विकार आढळतो. काही मुले उड्या मारत नाहीत, नुसती हरवल्यासारखी बसतात. अशा मुलींकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. या विकारात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. आईने वळण लावले नाही म्हणून तो होत नाही.

हे मुद्दाम सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. तिथल्या आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, हिनंच गूळ-साखर चारून पोरगं बिघडवलं." सून काही बोलली नाही, चुलीपुढे खाली मान घालून बसली. मी म्हटले, "आजी, वहिनींचा यात दोष नाही. गुळानं पोर चंचल होत नाही."

हे मी मनचे सांगितले नाही. साखरेवर कसोशीने प्रयोग झालेले आहेत. आपण प्रात्यक्षिक घेतो तेव्हा एका वाफ्यात खत देतो आणि शेजारचा वाफा बिनखताचा ठेवतो, तशीच ही रीत. १९९४ साली अमेरिकेत काही मुलांना तीन तीन आठवडे वेगवेगळा आहार दिला. एकात साखर भरपूर, बाकीच्यांत साखरेऐवजी दुसरा गोडवा. कोणत्या आठवड्यात काय दिले हे मुलांना आणि आईबापांना ठाऊक नव्हते. वागण्यात फरक आढळला नाही. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग तर मोठा बोलका आहे. साखरेने आपले पोर बिथरते असे मानणाऱ्या आयांची पस्तीस मुले घेतली. एकाही मुलाला साखर दिली नाही, पण निम्म्या आयांना "साखर दिली आहे" असे सांगितले. त्या आयांना आपले मूल जास्त चंचल वाटले आणि त्या त्याला जास्त टोकूही लागल्या. म्हणजे फरक साखरेत नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेत होता. दात किडतात, भूक मरते म्हणून गोड बेताने द्यावे हे खरे. पण या विकाराचे खापर साखरेवर फोडू नये.

रंगीत खाऊची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७३ साली अमेरिकेतील बेंजामिन फाइनगोल्ड या डॉक्टरांनी सांगितले, की खाण्यातले कृत्रिम रंग आणि स्वाद यांमुळे मुले चंचल होतात. त्यांनी जेवढा मोठा परिणाम सांगितला तेवढा पुढच्या प्रयोगांत दिसला नाही. पण त्यांचे म्हणणे अगदीच निराधारही ठरले नाही. २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेले पेय दिले. त्यांच्या चंचलतेत थोडी वाढ दिसली. सर्व मुलांत सारखी नाही, पण दिसली. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपात असे सहा रंग असलेल्या खाऊवर, मुलांच्या लक्षावर आणि चंचलतेवर वाईट परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. आपल्याकडे खाऊच्या पुडीवर रंगांचे आकडे बारीक अक्षरात असतात. १०२, ११०, १२२, १२४ हे त्यांपैकीच. पुडी उलटी करून ते आकडे वाचा. सुटी रंगीत मिठाई, लाल-पिवळे बर्फाचे गोळे आणि जत्रेतील भडक जिलेबी यांवर तर आकडाही नसतो. हे बंद केल्याने विकार बरा होईल असे नाही, पण बंद केल्याने नुकसान काहीच नाही, उलट पैसे वाचतील.

मात्र आपल्या मनाने दूध, अंडी, गहू, शेंगदाणे असे एकेक पदार्थ तोडत बसू नका. नेदरलँड्समध्ये असे कडक पथ्य करून पाहिले तेव्हा काही मुलांत सुधारणा दिसली, पण पथ्य चालू आहे हे आईबापांना माहीत होते. शिवाय वाढत्या वयात अन्न तोडले तर मूल खंगते. असे पथ्य डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा फायदाही झाला तर थोडाच होतो. जवसाची चटणी जरूर खा, पण तिला औषध समजू नका.

आता आपल्या घरातली खरी उणीव पाहू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सदुसष्ट मुलांच्या रक्तात कमतरता आढळली. अंगात लोह कमी असले की मूल दमते, चिडते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. ते पाहून मास्तर म्हणतात, पोराचे लक्ष नाही. यावर आपल्या महाराष्ट्रातच काम झाले आहे. ग्रामीण भागातील बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना सहा महिने लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली. दुसऱ्या गटाला साधी बाजरी दिली. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या मुलांची लक्ष देण्याची आणि आठवणीत ठेवण्याची चाचणी अधिक सुधारली. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ती मुले या विकाराची रुग्ण नव्हती हे लक्षात घ्या. पण पोट आणि डोके यांचा संबंध त्यातून कळतो. "धनशक्ती" हे असेच लोहयुक्त वाण आहे. घरच्या खाण्यापुरते चार वाफे त्याचे करायला काय हरकत आहे?

मूल उपाशीपोटी शाळेत पाठवू नका. नुसता चहा-बटर म्हणजे न्याहारी नव्हे. भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, कधी अंडे असे काही पोटात जाऊ द्या. उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, तो लोह अडवतो. शाळेत जंताची आणि लोहाची गोळी मिळते ती चुकवू नका. पण जास्तीच्या लोहगोळ्या मनाने देऊ नका आणि त्या लहानग्यांच्या हाती लागू देऊ नका, जिवावर बेतते. रात्री नऊ-साडेनऊला मोबाइल बाजूला ठेवून मूल झोपवा. अपुऱ्या झोपेचे पोरही असेच वागते.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्यातली आहे. २०१० साली अमेरिकेत आठ ते पंधरा वर्षांच्या १,१३९ मुलांची लघवी तपासली. ज्यांच्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अंश जास्त, त्यांच्यात हा विकार जास्त आढळला. कॅलिफोर्नियातील शेतमजूर कुटुंबांतही, आईच्या गरोदरपणातील अंश आणि पाच वर्षांच्या मुलाची लक्ष न लागण्याची तक्रार यांचा संबंध दिसला. औषध हेच कारण असे यावरून सिद्ध होत नाही. तरी सावधपणा आपल्या हाती आहे. गरोदर बाईने औषध कालवू नये आणि फवारणीचे कपडे धुऊ नयेत. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, धान्य भरू नका. फवारणी आणि तोडणी यांत डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या, मग ती भाजी बाजारात जाणार असो की आपल्या ताटात.

एवढे करूनही पोराचे लक्ष लागत नसेल, तर त्याला मारू नका, "मठ्ठ" म्हणू नका आणि शाळेतून काढून गुरांमागे धाडू नका. शाळेत किंवा अंगणवाडीत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांना सांगा. जिल्हा रुग्णालयात दाखवा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. आईबापांना वागण्याचे शिक्षण, वर्गात पुढच्या बाकावर जागा, काम लहान लहान भागांत देणे आणि लागल्यास डॉक्टरांचे औषध, यांनी अशी मुले चांगली शिकतात. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर कोणाच्या सांगण्यावरून ते थांबवू नका आणि त्याजागी पावडरीचे डबे आणू नका.

चांगले ताट प्रत्येक मुलाच्या हक्काचे आहे, मग त्याला विकार असो वा नसो. पण ज्याला विकार आहे त्याला ताटाबरोबर डॉक्टरही हवा आणि घरच्यांचा धीरही हवा. रामराम.