पद्मिनीचं छप्पर कापणाऱ्यांनो…

जालन्यात लग्नसराई सुरू झाली की रस्त्यावर एक प्राणी हमखास दिसतो. पुढून बघितलं तर प्रीमियर पद्मिनी. तेच गोल दिवे, तीच जाळी. मागून बघितलं तर बाज. छप्पर गायब, मधले खांब गायब, मागे लाल रेक्झिनचा सोफा, चहूबाजूंनी झेंडूच्या माळा आणि त्यात फेटा बांधलेला नवरदेव घामाने निथळतोय. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात डोक्यावरचं छप्पर पैसे देऊन काढून घेणारी माणसं जगात फक्त आपल्याकडेच असावीत.

याला म्हणे 'कन्व्हर्टिबल' म्हणतात. अहो, कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर उघडताही येतं आणि परत लावताही येतं, ती. ही नुसतीच कन्व्हर्ट झालेली. परतीचं तिकीट नाही.

वरातीच्या गाडीवर मी हा लेख लिहिला नसता. तो धंदा आहे, पोटाचा प्रश्न आहे, आणि ती गाडी बहुतेक वेळा बँडच्या मागून माणसाच्या चालीने जाते. माझा राग आहे तो आपल्यावर, म्हणजे आपल्यासारख्या मंडळींवर. पुण्यात नोकरी, गावाकडे अंबडला नाहीतर परतूरला वाड्यात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी, हातात नुकताच आलेला बोनस आणि मोबाईलवर इटलीतल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या उघड्या फियाटचा फोटो. मग डेंटरला फोन जातो, "भाऊ, वरचं कापून द्यायचं काय घेशील?"

भाऊ कापून देतो. ग्राइंडर हातात असल्यावर कापायला कितीसा वेळ लागतो? पण आपण काय कापतोय, हे या सौद्यात एकालाही माहीत नसतं. आणि त्यातला एक जण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला असतो!

मुद्दा साधा आहे. ट्रकला खाली चॅसी असते. वरचं केबिन काढून घेतलं तरी ट्रकचा कणा शाबूत राहतो. पद्मिनीला अशी वेगळी चॅसी नाहीच. तळ, दरवाज्यांखालून जाणाऱ्या लांबट पेट्या, खांब आणि छप्पर हे सगळं मिळून एकच पेटी. तीच बॉडी, तीच चॅसी. याला मोनोकॉक म्हणतात. म्हणजे छप्पर हे डब्याचं झाकण नाही, ते हाड आहे.

पटत नसेल तर घरी करून बघा. बुटांचं रिकामं खोकं घ्या. झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करा आणि दोन टोकं धरून पिरगळा. हलणार नाही. आता झाकण काढून तेच करा. खोकं पापडासारखं वाकडं होईल. खड्ड्यात एक चाक गेलं की गाडीला नेमका हाच पीळ बसतो. आणि आपल्याकडे खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही.

पद्मिनीत आणखी एक गोची आहे. ती चार दरवाज्यांची. मागच्या दरवाज्याच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर. छप्पर गेलं की हा खांब वरून सुटतो आणि फक्त बुडाच्या आधारावर उभा राहतो. हळूहळू गाडी मध्यातून बसते, वरच्या फटी मिटतात, दरवाजे अडकतात. मग यावर सोपा उपाय, दरवाजे वेल्ड करून टाका! आता उडी मारून आत बसायचं, अगदी सिनेमातल्यासारखं. आणि कधी आग लागली तर? तेव्हाही उडीच मारायची. समोरच्या काचेची चौकट वरून सुटलेली असते तिचं काय, आणि गाडी उलटली तर डोकं आणि डांबर यांच्यामध्ये काय उरतं, हे तुम्हीच ठरवा. ही गाडी वरातीतच राहिली असती तर एक वेळ ठीक. पण तुम्हाला ती समृद्धी महामार्गावर न्यायची असते. ताशी १२० च्या मर्यादेत जाणाऱ्या गाड्यांच्या मधे, चाळीस-पन्नास वर्षांचा पत्रा आणि त्यातलं मुख्य हाड काढलेलं.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. नवा पोरगा टीममध्ये येतो, जुन्या कोडमधलं एक फंक्शन बघतो. "हे कशाला आहे कळत नाही, डिलीट करतो." त्याला आपण काय म्हणतो? इथे छापण्यासारखं नाही. मग शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन आपण तेच का करतो?

यावर उत्तर ठरलेलं असतं, "पण परदेशात करतात की." करतात ना. कसं करतात ते बघू. फियाटने स्वतः १९५५ मध्ये ११०० च्या घराण्यातली उघडी गाडी काढली होती, ११०० टीव्ही ट्रान्सफॉर्माबिले. ती सलून कापून केलेली नव्हती, तिची बॉडीच वेगळी आखली होती. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० ला कापडी गुंडाळतं छप्पर होतं, पण खिडक्यांवरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि खांब जागेवर ठेवून. कारखान्यात कन्व्हर्टिबल करताना छप्पर काढलं की खालच्या पेट्या जाड करतात, तळाला आडवे बांध घालतात, काचेची चौकट मजबूत करतात. म्हणून तर छप्पर नसलेली गाडी तिच्या छप्परवाल्या बहिणीपेक्षा बऱ्याचदा वजनाने जास्त भरते. छप्पर काढून वजन वाढतं, यातच सगळं आलं.

आपल्याकडेही जिचं छप्पर काढता आलं असतं अशी गाडी होती, स्टँडर्ड हेराल्ड. १९६१ पासून मद्रासला बनायची. तिला वेगळी चॅसी होती. विलायतेत ट्रायम्फने याच हेराल्डची कन्व्हर्टिबल १९६० मध्ये बाजारात आणली. गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म काढली, फायबरची बॉडी, दोन सीट, मुळातच उघडी म्हणून आखलेली. अशी गाडी शोधा, घ्या, हौस करा. उघड्या गाडीला माझा विरोध नाहीच.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "एमएच-२१ मध्ये कोण बघतंय?" असं म्हणणारे भेटतात. खरंय, रोज कोणी बघत नाही. पण अपघात झाला की सगळेच बघतात, आणि विमा कंपनी सगळ्यात आधी.

कायद्यावर माझाही एक आक्षेप आहे. जर्मनीत बदललेली गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेकडे न्यायची, तपासून घ्यायची, पास झाली की कागदावर नोंद. आपल्याकडे हौशी माणसाला असा सरळ रस्ता नाही. पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, गाड्या तपासण्याचं शास्त्र आपल्याला परकं नाही. रस्ता हवा, तो मागायला हवा. पण रस्ता नाही म्हणून तपासणीच नको, हे कुठलं लॉजिक? आणि तपासणी असती, तर अँगल मारून 'मजबूत' केलेली आपली पद्मिनी गेटातूनच परत आली असती.

आता सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए'. रोज ऑफिसला नेता येत नाही, पण रॅलीत, प्रदर्शनात मानाने नेता येते. अट काय? गाडी मूळ रूपात हवी, चॅसी आणि बॉडीच्या सांगाड्यात बदल नको. आता हिशोब करा. १९६४ ची फियाट ११०० डिलाईट, १९७२ मध्ये तिचं नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट, १९७४ मध्ये पद्मिनी. म्हणजे पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. इथून पुढे दरवर्षी आणखी गाड्या पात्र होत जाणार. आणि नेमकं याच वेळी आपण ग्राइंडर घेऊन उभे!

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खाऱ्या दमट हवेत तिथले पत्रे सडतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, वाड्यातल्या अंधारात, पत्रा टिकतो. म्हणजे चांगला, न सडलेला सांगाडा मिळायची शक्यता आपल्याकडे जास्त. आणि आपण कापतो काय, तर तोच.

"नाहीतरी भंगारातच जाणार होती," हे शेवटचं अस्त्र. जालन्यात राहून हे बोलू नका. इथे भंगाराला किंमत आहे. ते भट्टीत जातं, वितळतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर येतं. त्या सळईचीसुद्धा टेस्ट होते, तिच्यावर ग्रेड असते, तिच्या जिवावर कोणाचा तरी स्लॅब उभा राहतो. कापलेली पद्मिनी ना गाडी राहते, ना सळई होते. दोन वर्षं फोटो, मग कोपऱ्यात उभी. त्यापेक्षा भट्टी प्रामाणिक!

जुगाडाचा मी शत्रू आहे असंही समजू नका. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. नियमात तीही बसत नव्हती. पण फरक बघा. लोहारांनी भंगारातून गाडी केली. आपण गाडीचं भंगार करतो आणि त्याला क्रिएटिव्हिटी म्हणतो.

"माझी गाडी, माझे पैसे, माझी मर्जी." मान्य, गाडी तुमची. पण मागच्या सीटवर बसणारी भाची, समोरून येणारा मोटारसायकलवाला आणि तो रस्ता, यातलं काहीच तुमच्या आरसी बुकावर नाही.

तोच बोनस दुसरीकडे लावा. ब्रेक करून घ्या. वायरिंग बदला. कार्ब्युरेटर साफ करणारा जुना मिस्त्री अजून हयात असेल तर त्याच्या शेजारी दोन रविवार बसा, तो गेला की ते ज्ञान गुगलवर सापडणार नाही. दरवाज्यांचे रबर बदला. आणि वाराच हवा असेल तर डिसेंबरातल्या पहाटे चारही काचा खाली करा, पुढची ती छोटी तिकोनी काच उलटी फिरवा आणि अंबड रस्त्याला लागा. वारा थेट छातीवर येतो. फियाटच्या इंजिनिअरांनी ती सोय आधीच करून ठेवली आहे, तीही छप्पर न कापता.