कार्डाची मुदत आणि उसाची मुदत



ऑगस्टमध्ये लावण नोंदणीसाठी फिरत असताना एका सभासदाच्या विहिरीवर नवा पंप दिसला. "कितीला घेतला?" म्हणून विचारले, तर म्हणाले, "चाळीस हजार. पण पैसे कुठं दिलेत साहेब? कार्ड घासलं. उसाचं बिल आलं की भागवू." कारखान्याची मोळी पडायलाच अजून तीन महिने होते. तोडणीचा नंबर त्यानंतर. कार्डाचे बिल मात्र दीड महिन्यात दारात उभे राहणार होते.

आधी एक घोटाळा दूर करू. किसान क्रेडिट कार्ड वेगळे आणि दुकानात चालणारे क्रेडिट कार्ड वेगळे. १९९८ साली सुरू झालेले किसान कार्ड शेतीसाठी आहे. त्यावर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळते, वेळेत फेडले तर त्यातही ३ टक्के सूट. शिवाय फेडीची मुदत पीक पाहून ठरते. दुकानातल्या कार्डाला आडसाली काय आणि सुरू काय, काहीच कळत नाही. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, म्हणजे वर्षाला झाले ४२. सावकार बरा म्हणायची पाळी!

कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते. खरी मेख तिथेच आहे. ४० हजारांच्या पाच टक्के म्हणजे २,००० रुपये भरले, की माणसाला वाटते हप्ता गेला. पण महिन्याचे व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. मुद्दलात जमा झाले फक्त ३४८ रुपये! शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यास खरेदीच्या तारखेपासून व्याज चढते आणि पुढच्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दिवाळीला मी स्वतः कार्डावर फ्रीज घेतला आणि सात-आठ महिने किमान रक्कम भरत बसलो. दर महिन्याला पगार होणारा माणूस मी, तरी गुंतलो. मग वर्षातून एकदा बिल घेणाऱ्याची काय कथा?

कार्ड वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पैसे खात्यात असतील आणि आलेले बिल पूर्ण भरणार असाल, तर ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी वापरायला मिळतात, खुशाल वापरा. पण उभ्या उसाच्या भरवशावर मोठी खरेदी कार्डावर करू नका. पंप, पाइपलाइन घ्यायची तर सोसायटीत किंवा बँकेत मध्यम मुदतीचे कर्ज मागा, हप्ता ऊस बिलाच्या वेळेला बांधून घ्या. कार्डावर रोख पैसे तर काढूच नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आहे. आणि ठिबकची घाई करू नका. शासनाची पूर्वसंमती येण्याआधी संच खरेदी केला, तर अनुदान हातचे जाते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण जाणतोच. ऊसवाल्याने अंथरुणाबरोबर तारीखही पाहावी. कार्ड घासण्याआधी एवढेच स्वतःला विचारा, "याचे बिल येईल तेव्हा माझे बिल आलेले असेल का?" उत्तर 'नाही' असेल, तर कार्ड खिशातच राहू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी