चारही चाकांचे बळ आणि किल्लीचा अधिकार

आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ह्या चार गोष्टी सांगण्याचा परिपाठ होता. ह्या चौकडीस अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ कशाविषयी आहे, त्यापासून काय साधावयाचे, ग्रंथाचा आणि त्या साध्याचा मेळ कसा बसतो, आणि तो हाती घेण्यास पात्र कोण, हे ठरल्यावाचून पुढे जाऊ नये, हा त्यातील हेतू. ही कसोटी मोटारगाडीस लावली तर पुष्कळांस हसू येईल. परंतु हल्ली एकेका मोटारीची किंमत एखाद्या घराइतकी होऊन बसली आहे. आणि तिच्याबरोबर जे सामर्थ्य घरात येते, ते तर घराच्या किमतीहूनही विचार करावयास लावणारे आहे. म्हणून ह्या महिन्यात आमच्या घरच्या गाडीचे परीक्षण आम्ही त्याच चार प्रश्नांनी करणार आहो.

ही गाडी मनीषनगरातील आमच्या घरी २०२१ च्या अखेरीस आली. नोंदणीच्या कागदावर नाव आमच्या पुतण्याचे आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा यंत्रांचे सुटे भाग करण्याचा कारखाना असून पैसाही त्याच्याच कष्टाचा आहे. तथापि एकत्र कुटुंबात गाडी एकजण घेतो आणि चौदाजण तिचे मालक होतात. त्यातून घरच्या जमाखर्चाची वही निवृत्तीनंतर आमच्याकडे आली असल्यामुळे ह्या गाडीपायी गेलेला प्रत्येक रुपया आमच्याच हस्ताक्षरात लिहिला गेला आहे. तेव्हा पुढील परीक्षण चालकाचे नसून मालकांपैकी एकाचे आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम विषय पाहू. गाडी बीएमडब्ल्यू कंपनीची एम ३४० आय ह्या नावाची. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली, तेव्हा तिची करपूर्व नव्हे, परंतु नोंदणीपूर्व किंमत ६२ लाख ९० हजार रुपये होती. तिची जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात होते. दिसावयास ती चार दारांची, मागे सामानाची पेटी असलेली साधी घरगुती गाडी. पण पुढील झाकणाखाली सहा सिलिंडरांचे तीन लिटरचे इंजिन असून त्याची शक्ती ३८७ अश्वशक्ती आहे. आमच्या तरुणपणी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात जी पद्मिनी तयार होई, तिची शक्ती चाळिसाच्या आसपास असे. म्हणजे नऊ-दहा पद्मिनींचे बळ एका गाडीत कोंबलेले आहे. उभी असलेली ही गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत गाठते, असे कंपनीचे सांगणे आहे.

हे बळ येते कोठून? इंजिनात पेट्रोल जळावयास हवा लागते. अधिक हवा कोंडता आली, तर अधिक पेट्रोल जाळता येते आणि तितकी शक्ती वाढते. साध्या इंजिनात हवा आपल्या दाबाने जेवढी शिरेल तेवढीच. टर्बोचार्जर ह्या यंत्रात मात्र इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक लहानसे चक्र फिरवितो, आणि त्याच आसावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत लोटते. हे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. जो धूर वाया जावयाचा, त्यालाच कामास लावण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांची. तिचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. महाराष्ट्रास तिचा परिचय नवा नाही. औरंगाबादेच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यातून २००४ साली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही टर्बोची पेट्रोल गाडी बाहेर पडली होती. तिचे बळ मात्र पुढील दोन चाकांसच मिळे.

दुसरे वैशिष्ट्य चारही चाकांस मिळणाऱ्या बळाचे. दोनच चाकांवर एवढी शक्ती सोडली, तर ती जागच्या जागी गरगर फिरतात आणि रस्त्यावरची पकड सुटते. ह्या गाडीत बळाचा ओघ मुख्यतः मागील चाकांकडे असतो. चाक घसरू लागण्याचा संभव दिसताच मधला क्लच क्षणार्धात काही हिस्सा पुढे पाठवितो. टर्बो आणि चारही चाकांचे बळ ह्यांचा संयोग जगापुढे ठळकपणे आणला तो जर्मनीच्या ऑडी कंपनीने, १९८० च्या क्वाट्रो गाडीने. आज आपल्या चाकणलाही अशा जातीची गाडी जुळविली गेलेली आहे. मर्सिडीज-बेंझची ए ३५ नावाची ३०६ अश्वशक्तीची गाडी तेथून २०२१ साली निघाली.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. चारही चाके ओढतात म्हणून ही गाडी जीपसारखी कोठेही जाईल, असे आमच्या काटोलकडील आप्तांस वाटले. त्यांनी पावसाळ्यात संत्र्याच्या बागेत गाडी आणण्याचा आग्रह धरला. विदर्भाच्या काळ्या मातीत जीप तरते, ती तिच्या उंचीमुळेही. ह्या गाडीचे पोट जमिनीपासून इतके थोडे वर आहे, की चिखल चाकांच्या आधी पोटासच लागावयाचा. आम्ही गाडी डांबरी सडकेवर उभी केली आणि बागेत पायी गेलो. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. गाडी चारही चाकांनी पळते, म्हणून ती लवकर थांबते, असे पुष्कळजण समजतात. थांबण्याच्या वेळी प्रत्येक मोटारीची चारही चाके आधीच कामास लागलेली असतात. तेथे ह्या यंत्रणेची काहीच मदत होत नाही. ओल्या रस्त्यावर पळताना निसरडेपणा जाणवू न देणे हा तिचा गुण खरा, परंतु थांबावयाची वेळ आली म्हणजे तोच गुण वैरी होतो.

आता प्रयोजन. चार वर्षांत ही गाडी त्रेचाळीस हजार किलोमीटर चालली. तिचे खरे सुख आम्हांस दोन ठिकाणी आढळले. एक चिखलदऱ्याच्या घाटात. श्रावणातील झडीत, धुक्यात, वळणामागून वळण घेत ती अशी चढली, की मागे बसलेल्या मंडळींच्या गप्पा तुटल्या नाहीत. दुसरे समृद्धी महामार्गावर. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला. लांब पल्ल्यास गाडी शांत, स्थिर आणि न थकविणारी आहे; मालवाहू गाडीस ओलांडावयाचे झाल्यास ती उलट्या बाजूस फार काळ राहत नाही, हाही साध्या रस्त्यांवर मोठाच लाभ.

मात्र ह्या सर्व कामांस ३८७ अश्वशक्ती लागते काय? आमचे प्रामाणिक उत्तर, नाही. समृद्धीवर मोटारींस ताशी १२० ची मर्यादा आहे आणि तेवढा वेग निम्म्याहून कमी शक्तीची गाडीही आनंदाने राखते. केवळ चपळाईचाच मान हवा असेल, तर तोही आता विजेच्या गाड्यांनी घेतला आहे. २०२४ मध्ये ५३ लाखांस आलेल्या बीवायडी सील ह्या गाडीचा वरचा प्रकार ताशी १०० चा वेग ३.८ सेकंदांत गाठतो. तेव्हा अशा गाडीचे प्रयोजन गरज हे नव्हे. उत्तम यंत्राविषयीचा आदर आणि ते हाताळण्याचा आनंद हेच होय. ह्यात आम्ही काही गैर मानीत नाही. सतारीवाचून कोणाचे पोट अडत नाही, तरी चांगली सतार घरी असावी असे वाटणारा मनुष्य उधळा ठरत नाही.

तिसरा प्रश्न संबंधाचा. गाडीचा घराशी मेळ कसा बसतो? वहीत पाहता शहरात लिटरला सहा-सात आणि महामार्गावर बारा किलोमीटर पडतात. पेट्रोल, विमा, टायर आणि देखभाल मिळून चार वर्षांत सुमारे चौदा लाख खर्च झाले. म्हणजे किलोमीटरला साडेबत्तीस रुपये, घसारा वेगळा. साठ लाखांवरच्या पेट्रोल गाडीस महाराष्ट्रात तेरा टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो. तो आठ लाखांच्या घरात गेला. एका खड्ड्याने एक टायर फुगून निकामी झाला. ह्या गाडीचे टायर पातळ कडांचे असल्याने खड्डा दिसण्याआधी वेग कमी असावा लागतो. चार टायरांचा संच एक लाखाहून अधिक किमतीचा आहे. आमच्या वहिनींस गुडघेदुखी असून, आपण इतर गाड्यांत चढतो आणि ह्या गाडीत उतरतो, अशी त्यांची तक्रार आहे. मनीषनगरचे रेल्वे फाटक ज्यांना आठवते, त्यांस वर्धा मार्गाकडे जाताना किती वेळ उभे राहावे लागे हेही आठवत असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील उड्डाणपूल झाल्याने ती अडचण सरली. तरी संध्याकाळच्या गर्दीत ही गाडी आणि शेजारची रिक्षा एकाच चालीने सरकतात. रोजच्या कामास घरातील जुनी लहान मोटारच आजही सोयीची आहे.

एवढ्यावर परीक्षण संपले असते. परंतु चौथा प्रश्न यंदा आमच्या घरात प्रत्यक्ष उभा राहिला. पुतण्याचा मुलगा ह्या वर्षी अठरा पुरा झाला, त्याने परवाना काढला आणि बापाकडे ह्या गाडीची किल्ली मागितली. कायद्याने तो सज्ञान आहे. त्याचे म्हणणे असे, की गाडीतील संगणक घसरणे, कलंडणे, सारे सांभाळून घेतो, भ्यावयाचे काय? आणि पुढे तो सर्वांसमक्ष म्हणाला, “आजोबा, समृद्धीवर बाबांनी दीडशेच्या पुढे नेलेली मी शेजारी बसून पाहिली आहे. त्यांना कोणी काही विचारले नाही.” त्यावर घरात कोणीच बोलले नाही. पुतण्याने मान खाली घातली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका अतिवेगवान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. सतरा वर्षांचा मुलगा ती चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. लोकक्षोभ झाल्यावर तो हुकूम बदलला. आमच्या नागपुरातही त्याच वर्षी फेब्रुवारीत रामझुल्यावर एका मोटारीखाली दुचाकीवरील दोन तरुण गेले; तेथे चालक अज्ञान नव्हता. आम्ही सारा जन्म मुलांकडून निबंध लिहून घेतले. निबंधाचे मोल आम्ही जाणतो, म्हणूनच त्याची मर्यादाही जाणतो. वळण लागावयाचे ते आधी. दोन घरांतील दिवे विझल्यावर लिहिलेल्या तीनशे शब्दांनी काही उजळत नाही. अज्ञान मुलाने गाडी चालविल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. परंतु मुलगा अठरा वर्षे आणि एक दिवसाचा झाला म्हणजे पालकाचे उत्तरदायित्व सरले, असे निदान घराच्या धर्मात तरी नाही.

त्या मुलास आम्ही फळ्याऐवजी वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखविला. ताशी १२० च्या वेगाने गाडी सेकंदास ३३ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर काही न करताच तुटले. वेग दुप्पट झाला, की गाडीच्या अंगातील जोर चौपट होतो, आणि ब्रेक लागल्यावर थांबावयास लागणारे अंतरही त्याच मानाने वाढते. संगणक घसरण सावरतो. समोर आलेल्या माणसास बाजूस सारीत नाही. शिवाय साध्या गाडीत शंभरीस आवाज होतो, हादरे बसतात, भीती वाटते. ती भीती हाच नवशिक्याचा गुरू. ह्या गाडीत शंभरी साठीसारखी वाटते. जी गाडी भिववीत नाही, तिच्यावर हात बसविण्याआधी भिवविणारी गाडी चालविली पाहिजे.

मग घरातील वडील मंडळींनी बसून ठरविले. दोन वर्षे मुलाने लहान मोटार चालवावी. त्यानंतर ही गाडी वडील शेजारी असताना, दिवसा आणि कोरड्या रस्त्यावर. एकटे न्यावयाची वेळ त्याच्या वागण्यावरून ठरेल. आणि १२० ची मर्यादा सर्वांस सारखी. जो मोडील त्याची किल्ली एक महिना आमच्या कपाटात. पुतण्याने हे शेवटचे कलम स्वतः होऊन सुचविले आणि पहिली किल्ली आपलीच आणून ठेवली. मुलाने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी वहिनींना वैद्यांकडे न्यावयाचे होते. त्याने लहान मोटार दारापाशी आणून त्यांच्यासाठी दार उघडून धरले. मर्यादा बापालाही लागू झाली, हे त्याने पाहिले होते. आमच्या मते सर्व व्याख्यानांपेक्षा त्याचाच परिणाम अधिक झाला.

गाडी विकावी असे आम्ही म्हणत नाही. यंत्र म्हणून ती अत्यंत उत्तम आहे. घाटात, पावसात आणि लांब प्रवासात तिच्या जोडीची दुसरी आमच्या बसण्यात आलेली नाही. ज्यांना तो खर्च झेपतो, ज्यांच्या घरी रोजच्या कामास दुसरी साधी गाडी आहे आणि ज्यांना वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी घेता येते, त्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र घेणाऱ्यांनी आमच्या चार प्रश्नांचा क्रम उलटा लावावा. शास्त्रग्रंथात अधिकाऱ्याचा विचार कोठेही येवो, मोटारीच्या बाबतीत तो सर्वांत आधी झाला पाहिजे. घरात किल्ली कोणाच्या हाती जाणार, कोणत्या अटींवर जाणार, आणि त्या अटी प्रथम कोण पाळणार, हे पेढीवर सही करण्यापूर्वी घरात बसून बोलावे. अश्वशक्तीची चौकशी त्यानंतर केली तरी चालेल.