जोर लावून घासलेले दात

रमजानमध्ये रोजा सोडताना थंड सरबताचा घोट घेतला आणि दातात कळ गेली, ही तक्रार नवी पेठेतल्या दुकानदारापासून विडी वळणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांकडून ऐकायला मिळते. त्यावर घरोघरचा सल्ला ठरलेला: दात नीट घासत जा! माझं म्हणणं उलट आहे. यातल्या पुष्कळांचे दात जोरात घासल्यामुळेच शिवशिवतात.

दाताच्या टोकाशी इनॅमलचं कवच दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, हिरडीकडे येता येता ते अगदी पातळ होतं. हिरडी मागे सरकली की मूळ उघडं पडतं, आणि तिथे इनॅमल नसतंच. तिथे रोज आडवा ब्रश रेटला की खाच पडते. आंबट खाण्याने, झोपेत दात खाण्याने ती वाढते. खाली डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात. थंड लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि कळ उठते.

सगळ्यात वाईट मिश्री, म्हणजे मशेरी. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड बोटाने हिरडीवर चोळायची. दात दुखला की मिश्री, मग जरा बधिर वाटतं, म्हणून पुन्हा मिश्री. कॅन्सरचा धोका वेगळाच. 1992 साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

मिस्वाकबद्दल बोललं की काहींना राग येतो. सुन्नतीवर माझं काही म्हणणं नाही, काडी धरणाऱ्या हातावर आहे. अत्तराच्या गाड्यावरची वाळलेली काडी तशीच दातांवर रगडणारे बरेच आहेत. ती पाण्यात भिजवावी, चावून मऊ करावी, झिजलेले तंतू कापून टाकावेत, हात हलका ठेवावा. मिस्वाकची फजिलत आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ही दोन वाक्यंही तिथे यावीत. आणि मिश्रीचं बायकांच्या इज्तेमात बोललं जावं, कारण डॉक्टरचं न ऐकणाऱ्या आमच्या खाला-फुफू तिथलं ऐकतात.

शिवशिवीवरच्या पेस्टचा गुण यायला काही आठवडे लागतात. हिरडीजवळ नख अडकत असेल तर मात्र दंतवैद्याला दाखवावं. ती खाच आपोआप भरत नाही. दंतवैद्य भरून देतात, पण हात पूर्वीसारखाच चालला तर शेजारचा दात झिजायला लागतो.